गार दगड

बुर्या वारा सुटलाय तीन दिवस.
कौलं उडू नयेत म्हणून गावाने त्यांच्यावर दगड ठेवलेत,
आणि स्वयंपाकघरात आम्ही पाच जण:
नकाशा, वाळवलेल्या मांसाचे काप, तेरानची अर्धी बाटली,
वीस बाजूंचा एकच फासा.

ओझ्बेय तलवार घेऊन आलाय. कागदावर.
दिवसा तो दिवाचाच्या स्टेशनात सांधे बदलतो.
मार्येता चेटकीण. स्टान्को धर्मगुरू,
जो एरवी चर्चची पायरी चढत नाही.
मार्येताचा भाचा लोव्रो, अकरा वर्षांचा,
चोरच व्हायचंय म्हणून हटून बसला.

मी त्यांना गुहेत आणलंय.
सांगते: छतातून सुळके लोंबतायत, शेकडो,
शाळेच्या पुस्तकातले लवणस्तंभ,
आमच्या बोलीत कापनिक, थेंबाथेंबाने झालेले.
त्यांतला एक कापनिक नाही.

हे मी सांगत नाही.

माझ्या वहीत तो असा आहे:
डोळे, नाहीत. दात, लागत नाहीत.
वेग, आयुष्यात एकदाच.
रंग शेजारच्या दगडाचा; शेजारी बदलला तर त्याचा.
टोकाशी एक खोटा थेंब धरून ठेवतो
आणि बाकीच्यांच्या तालात सोडतो,
म्हणजे डोळ्यापाठोपाठ कानही फसतो.
अन्न: रांगेतला शेवटचा.
पहिल्याला जाऊ देतो, दुसऱ्याला जाऊ देतो,
बडबड्याला तर देतोच देतो.
शेवटच्याच्या मागे कोणी नसतं,
म्हणून तो मागे वळून बघत नाही.

कुठून आणलंस हे, असं कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर पुस्तकातून म्हणाले असते.

बावीस वर्षं मी गुहेत वाटाड्या होते.
शेवटच्या दालनात दिवे मालवायचे, एक मिनिट,
पाहुण्यांना खरा अंधार कळावा म्हणून.
आधी हसायचे. मग खोकायचे.
मग साठ माणसांचा श्वास तेवढा उरायचा
आणि मी, किल्ल्या मुठीत आवळून,
भिंतीला पाठ लावून.
जागची न हलता सगळं कळायचं मला:
कोणाचं नाक चोंदलंय, कोणी कोणाचा हात सोडलाय,
कोण बाकीच्यांपासून चार पावलं लांब आहे.
खरं सांगायचं तर ते मिनिट कधीच मिनिटाचं नसे.
मी ऐंशीपर्यंत मोजायचे. कधी शंभर.

एकदा एका पोराचा हात लागला माझ्या गालाला.
चाचपत हनुवटीपर्यंत आला.
"आई, हा दगड किती गार आहे."
मी हलले नाही.
थेंब पडत होते. त्यांच्या तालात श्वास सोडला.

हात निघून गेल्यावरही
लगेच दिवा लावला नाही मी.

"मी सगळ्यात शेवटी चालतो," लोव्रो म्हणतोय.
"चोर शेवटीच असतात."
फासा टाकतो. तो घरंगळत मीठदाणीला आपटतो.
तीन.
"तुला काही दिसत नाही," मी सांगते.
"मग मी हाताने चाचपतो."

ओझ्बेय ग्लास खाली ठेवतो. वर
कुठलंसं कौल दगडासकट सरकतं.
वहीचं पान माझ्या अंगठ्याखाली आहे,
पुढे काय होतं ते तिथे लिहिलंय, माझ्याच अक्षरात,
आकड्यांसकट.

"गार आहे," मी म्हणते. "ओलसर. दगडच."
"नक्की?"
"चल पुढे."

तो आपलं प्यादं दोन घरं सरकवतो
आणि तोंडात मांसाचा काप टाकतो.
मार्येता मशाल पेटवायचा मंत्र शोधतेय,
स्टान्को काहीतरी विनोद करतोय, सगळे हसतात.
मग खोकतात.

एकोणसाठ, मी मोजते.
साठ.
एकसष्ट.